जुना माल ऑनलाइन विकताना गिऱ्हाईकच चुना लावून जातंय: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लातुरात माझं जुन्या मोबाइल-लॅपटॉपचं छोटं दुकान आहे, घेणं पण आणि विकणं पण. मे महिन्यात नीटची परीक्षा झाली की क्लासवाली पोरं रूम खाली करायला लागतात आणि कूलर, टेबल, गादी, सायकल, नोट्सचे गठ्ठे, सगळं ओएलएक्सवर नाहीतर फेसबुक मार्केटप्लेसवर टाकतात. त्याच दिवसांत दुकानात "सर, पैसे गेले" म्हणत येणारे पण वाढतात. प्रश्न जवळपास तेच ते असतात म्हणून इथं लिहून टाकलेत, नांदेड-परभणी-बीडकडच्या दोस्तांनी विचारलेले पण यातच घातलेत. क्रम असा काही नाही, ज्याला जो लागेल तो वाचा.

मी तर विकणारा आहे, पैसे मला यायचेत. माझं काय जाणार?

सगळा घोळ या वाक्यातच आहे. विकत घेणारा माणूस सावध असतो, खिशातनं पैसे जाणार म्हणून चार वेळा विचार करतो. विकणाऱ्याला वाटतं आपल्याला तर फक्त घ्यायचंय, मग समोरचा जे करायला सांगेल ते त्याला पैसे येण्याचीच प्रोसेस वाटते, स्कॅन कर म्हटलं की स्कॅन करतो, पिन टाक म्हटलं की टाकतो. जुना माल विकणाऱ्याला गाठणारी टोळी नेमकी या बेफिकिरीवर जगते. कधी खात्यातले पैसे जातात, कधी माल जातो आणि हातात नुसता स्क्रीनशॉट राहतो, आणि कधी काहीच गेलं नाही असं वाटतं पण आधारकार्डाचा फोटो गेलेला असतो, त्याचं खाली सांगतो.

पैसे घ्यायला यूपीआय पिन लागतो का?

नाही. कधीच नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, कुठली रिक्वेस्ट मंजूर करावी लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही. तुम्ही झोपलेले असाल तरी पैसे खात्यात येतात. तुमचा मोबाइल नंबर नाहीतर यूपीआय आयडी दिला की तुमच्या बाजूचं काम संपलं.

क्यूआरमध्ये असतं काय, तर ज्याला पैसे जाणार त्याचा यूपीआय आयडी आणि कधीकधी रक्कम. म्हणजे स्कॅन करणारा देतो, ज्याचा क्यूआर आहे तो घेतो. चहावाल्याकडं रोज हेच करता की, तिथं स्कॅन केल्यावर तुमचे पैसे जातात का येतात? मग या "गिऱ्हाइकाच्या" क्यूआरनं उलटं कसं होईल.

पण मी तर ऐकलं ती 'कलेक्ट रिक्वेस्ट'ची भानगड आता बंद झाली?

अर्धं खरं आहे. एका माणसानं दुसऱ्या माणसाला यूपीआयवर पैशाची रिक्वेस्ट पाठवायची सोय एनपीसीआयनं (यूपीआय चालवणारी संस्था) १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करायला लावली, कारण तिचा वापर याच कामासाठी लई व्हायला लागला होता. पण व्यापारी म्हणून नोंदलेल्या खात्याकडून येणारी रिक्वेस्ट त्या आदेशात नव्हती, ऑटोपेचं मँडेट (ठरलेल्या वेळी आपोआप पैसे कापायची परवानगी) चालू आहे आणि क्यूआर तर आहेच आहे. एक दार बंद झालं म्हणून निवांत बसू नका.

आणि अजून एक. पिन मागितला नाही म्हणजे पैसे जाणार नाहीत, असं पण धरून चालू नका. यूपीआय लाइट (छोट्या पेमेंटसाठी अ‍ॅपमध्ये आधीच भरून ठेवलेले पैसे) चालू असेल तर १००० रुपयांपर्यंतचं पेमेंट पिनशिवाय होतं, काही अ‍ॅपमध्ये आता पिनच्या जागी बोट नाहीतर चेहरा पण चालतो. त्यामुळं पिनपर्यंत थांबायचंच नाही, दुसऱ्यानं पाठवलेला क्यूआर स्कॅनच करायचा नाही.

तो म्हणतो मी आर्मीत आहे, आयकार्ड पण पाठवलं. विश्वास ठेवू का?

हा सगळ्यात जुना डाव आणि अजूनही रोज कुणीतरी त्यात सापडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गंगाखेडकडचं एक पोरगं होतं, इथं क्लासला. त्यानं कूलर टाकला ३५०० ला. दहा-पंधरा मिनिटांत हिंदीत फोन. "मैं आर्मी से बोल रहा हूँ, पोस्टिंग यहाँ हुई है, फॅमिली आ रही है, कूलर मुझे चाहिए, ॲड हटा दो." भाव केला नाही. फोटो नीट बघितला नाही. व्हॉट्सअ‍ॅपला वर्दीतला डीपी, मग आयकार्डाचा फोटो, कँटीन कार्डाचा फोटो, आधारचा फोटो, न मागता. मग म्हणतो, मी ड्युटीवरनं निघू शकत नाही, गाडी पाठवतो, पेमेंट आधीच करतो, पण आमचं पेमेंट आर्मीच्या अकाउंटवरनं होतं, त्याची प्रोसेस वेगळी असते.

मग क्यूआर आला. त्या चित्रावर मोठ्या अक्षरात ३५०० आणि खाली "रिसीव्ह करने के लिए स्कैन करें" असं चिकटवलेलं. चित्रावर काय, काहीही लिहिता येतं. स्कॅन केल्यावर खऱ्या अ‍ॅपमध्ये पे चं बटन आलं, तर पोरगं थबकलं आणि विचारलं की इथं तर पे लिहिलंय. त्यावर त्या माणसाचं उत्तर ऐका: "हाँ तो पे मैं ही कर रहा हूँ ना आपको, इसलिए पे लिखा है, आप पिन डालो." पिन टाकला, ३५०० गेले. मग "अरे सर गलती से उल्टा हो गया, रिफंड के लिए दूसरा कोड भेजता हूँ, इसमें सात हज़ार आएंगे." ते पण गेले. पहिले पैसे परत मिळवायच्या नादात माणूस दुसरे घालतो, जास्त पैसे तिथंच जातात. पहिला झटका बसला की फोन कट करायचा आणि पुढं १९३० चं (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लिहिलंय ते करायचं.

आपल्याकडं छत्रपती संभाजीनगरला छावणी आहे, मुदखेडला सीआरपीएफचं ट्रेनिंग सेंटर आहे, चाकूरला बीएसएफचं आहे, त्यामुळं पोस्टिंगची थाप इथं सहज पटते. खरे जवान बाजारात येतात, वस्तू हलवून बघतात, घासाघीस करतात आणि तुमच्या-माझ्यासारखंच पेमेंट करतात. आर्मीची उलटी पेमेंट प्रोसेस नावाची गोष्ट जगात नाही. आणि ते आयकार्ड असतं कुणाचं तर बहुतेकदा चोरलेलं नाहीतर एडिट केलेलं.

मग खरं गिऱ्हाईक ओळखायचं कसं?

खरं गिऱ्हाईक डोकं खातं. कूलर असेल तर विचारतं मोटार बदललीय का, पंप चालतो का, खालून पाणी गळतं का, पत्रा गंजलाय का. मोबाइल असेल तर बॅटरी किती टिकते, डिस्प्ले बदललाय का, बिल आहे का. मग म्हणतं जास्त होतात, कमी करा. मग म्हणतं मी येऊन बघतो, आणि कधीकधी येतच नाही. आपल्या भागात जुनी वस्तू घासाघीस न करता, न बघता, सांगितलेल्या किमतीला घेणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

घाई हे दुसरं लक्षण. आत्ताच पाठवतो, ॲड काढून टाका, दुसऱ्याला देऊ नका, फोन चालू ठेवा. फोन कट होऊ द्यायचाच नाही असा त्यांचा प्रयत्न असतो, कारण कट झाला की तुम्ही कुणालातरी विचाराल.

त्यानं आधी १ रुपया पाठवला आणि तो खरंच आला. आता तर भरवसा ठेवायला हरकत नाही ना?

हरकत आहे. एक रुपयात तुमचा विश्वास विकत घ्यायलाय तो. आणि खरंतर त्या एक रुपयानं तुम्हालाच एक गोष्ट दाखवून दिली की त्याच्याकडनं पैसे तुमच्याकडं काहीही न करता आले. मग उरलेले ३४९९ पण तसेच येऊ द्या की, त्याला क्यूआर कशाला पाहिजे? एवढंच विचारा त्याला, नाहीतर विचारू पण नका.

समोर येऊन पेमेंट केलं, त्याच्या मोबाइलवर हिरवी टिक दिसली, पण माझ्याकडं पैसे नाहीत. सर्व्हर डाउन असेल का?

असेल पण. पण सर्व्हर डाउन असला तर माल पण इथंच थांबेल, एवढं सोपं आहे. हुबेहूब फोनपे-पेटीएमसारखी दिसणारी नकली अ‍ॅप फिरतात, त्यात नाव टाका, रक्कम टाका, टिक येते, आवाज पण येतो, पैसे मात्र कुठून कुठं जात नाहीत. जुना स्क्रीनशॉट एडिट करून दाखवणारे वेगळेच.

त्याच्या मोबाइलवर काय दिसतं ते बघायचंच नाही. आपल्या मोबाइलवर, आपल्या अ‍ॅपमध्ये, आपण स्वतः उघडून बॅलन्स बघायचा. खऱ्या व्यवहाराला १२ अंकी यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) असतो, तो तुमच्या हिस्ट्रीत दिसला पाहिजे. "भाऊ, गाडी चालू ठेवलीय बाहेर, दोन मिनिटांत येतील पैसे" म्हणला तर त्याला चहा पाजा आणि दोन मिनिटं बसवा. खरा असेल तर बसतो. आणि भिडेखातर माल देऊ नका, आपल्याकडं हा रोग फार आहे, समोरचा मामा-काका म्हणून बोलायला लागला की आपल्याला नाही म्हणवत नाही.

बँकेचा मेसेज तर आला की पैसे जमा झाले म्हणून?

कुठून आला ते बघा. साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरनं "युअर अकाउंट क्रेडिटेड" आलं असेल तर ते त्यानंच टाइप करून पाठवलंय. बँकेचे मेसेज नंबराऐवजी अक्षरांच्या नावानं (हेडर) येतात आणि २०२५ पासून त्याच्या शेवटी डॅश देऊन एक अक्षर असतं, सेवेच्या मेसेजला एस, व्यवहाराच्या मेसेजला टी, जाहिरातीला पी, सरकारी असेल तर जी. पण हे सगळं लक्षात ठेवण्यापेक्षा मेसेज सोडून द्या आणि बॅलन्स बघा.

चुकून ५००० च्या जागी ५०००० पाठवले म्हणतोय, रडायलाय, ४५००० परत मागायलाय

आधी बॅलन्स बघा. बहुतेक वेळा काहीच आलेलं नसतं, वरच्यासारखा खोटा मेसेज असतो आणि तुम्ही परत पाठवता ते तुमच्या घरचे पैसे असतात. "आई दवाखान्यात आहे" हे वाक्य ठरलेलं असतं.

आणि खरंच आले असतील तर? तरी स्वतःहून परत पाठवू नका. त्याला म्हणा तुझ्या बँकेत तक्रार टाक, आणि तुम्ही तुमच्या बँकेला लेखी कळवा की अशी अशी रक्कम आलीय, माझी नाही. ज्याचे पैसे असतील त्याला बँकेच्या रस्त्यानं जातील. कारण ते पैसे दुसऱ्याच कुणाचे तरी लुबाडलेले असू शकतात, आणि तो तुम्हाला परत पाठवायला सांगतो ते खातं तिसरंच असतं.

माल विकला, पैसे खरे आले, आणि चार दिवसांनी बँकेनं खातं गोठवलं. मी काय केलं?

तुम्ही काही केलं नाही. पण ज्यानं पैसे दिले त्यानं ते दुसऱ्याला फसवून मिळवलेले असतील तर त्या माणसाच्या तक्रारीवर पोलीस पैशाचा माग काढत येतात आणि तुमच्या खात्यावर ती रक्कम नाहीतर अख्खं खातंच अडकतं. पोलीस त्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०६ दाखवतात. अशा वेळी बँकेतनं तक्रार क्रमांक आणि कुठल्या ठाण्याची आहे ते घ्यायचं, आणि त्या ठाण्याला कागद दाखवायचे: जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चॅट, वस्तूचं मूळ बिल, विक्रीची चिठ्ठी. ठाणं दुसऱ्या राज्यातलं असलं की कटकट होते हे खरं आहे, ईमेल करावे लागतात, वेळ जातो.

म्हणून किमती वस्तू असेल, समजा दहा हजाराच्या वरचा लॅपटॉप, तर पैसे ज्याच्या खात्यातनं आले त्याचं नाव आणि समोर उभ्या माणसाचं नाव एक आहे का ते बघा. "दोस्ताच्या अकाउंटवरनं टाकलेत" म्हणला तर मी तरी माल देत नाही. गिऱ्हाईक नाराज होतं, होऊ दे.

चेक घ्यावा का?

ओळखीतला नसेल तर नको. मशीनमध्ये चेक टाकल्याची पावती दाखवून माल नेतात, पावती म्हणजे पैसे नव्हेत, चेक वटल्यावर पैसे. बाउन्स झाला तर कलम १३८ ची केस आहे, पण एका कूलरपायी कोर्टाच्या तारखा कोण करत बसणार.

आधी तुमच्या आधारचा, आरसीचा फोटो पाठवा म्हणतोय, खात्री करायला. पाठवू का?

नको. वर तो आर्मीवाला न मागता आधार पाठवत होता ना, ते आधार आलं कुठून? तुमच्यासारख्याच कुणीतरी "खात्रीसाठी" पाठवलेलं. उद्या तुमचं कार्ड पुढच्या गावाला तिसऱ्याच माणसाला दाखवलं जाईल आणि तक्रारीत नाव तुमचं येईल. अगदीच द्यायची वेळ आली तर यूआयडीएआयच्या (आधार देणारी संस्था) साइटवरनं मास्क्ड आधार काढा, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात, आणि त्यावर आडवं लिहा की हे कशासाठी दिलंय आणि तारीख. गाडीची आरसी प्रत्यक्ष येईल त्याला हातात दाखवा, व्हॉट्सअ‍ॅपला नाही.

पेमेंट अडकलंय, एक अ‍ॅप घे म्हणतोय / एक नंबर डायल कर म्हणतोय

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्विकसपोर्ट ही अ‍ॅप वाईट नाहीत पण ती तुमची स्क्रीन दुसऱ्याला दाखवतात, मग पिन-ओटीपी सगळं त्याला दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपला आलेली एपीके फाइल (उघडली की अ‍ॅप बसवणारी) तर उघडायचीच नाही, नाव काहीही असो.

नंबरचं असं आहे की "कुरिअरवाल्याचा नंबर आहे, पुढं *४०१* लावून डायल करा" असं सांगतात. त्यानं तुमचे कॉल त्याच्या नंबरला वळू शकतात आणि कॉलवर येणारे ओटीपी त्याच्याकडं जातात. एप्रिल २०२४ मध्ये दूरसंचार खात्यानं कंपन्यांना अशा कोडनं कॉल फॉरवर्ड करायची सोय बंद करायला सांगितली, तरी हे लोक सांगायचं सोडत नाहीत. चुकून डायल झालंच तर ##००२# डायल करा, लागलेलं फॉरवर्डिंग निघतं.

मुंबईचं गिऱ्हाईक आहे, ट्रान्सपोर्टवाला पैसे घेऊन येणार आहे, फक्त इन्शुरन्सचे २००० आधी भरायचे म्हणतात

विकणाऱ्यानं कशाचेच पैसे भरायचे नसतात. इन्शुरन्स, गेटपास, जीएसटी, रजिस्ट्रेशन, नाव काहीही देतील. "नंतर रिफंड" हा शब्द ऐकला की विषय बंद.

भेटायचं कुठं?

दिवसा आणि माणसांत. लातूरला गंजगोलाई, संभाजीनगरला क्रांती चौक, असल्या ठिकाणी, नाहीतर सरळ बँकेच्या दारात. बँकेचा फायदा असा की रोख असेल तर तिथंच नोटा मोजून मशीनमध्ये भरता येतात, खोटी नोट मशीन शक्यतो घेत नाही. घरी बोलवायचं तर एकटं असताना नको, हॉस्टेलच्या मुलींनी तर रूमवर बोलवूच नका, वॉचमनजवळ सामान आणून ठेवा.

टू-व्हीलरची ट्रायल द्यायची असेल तर मागं तुम्ही बसा, नाहीतर त्याचं खरं लायसन्स आणि त्याची स्वतःची गाडी तुमच्याजवळ ठेवून घ्या. चप्पल आणि पिशवी ठेवून गेलेला माणूस परत येत नाही, हे सांगायला पाहिजे असं वाटलं नव्हतं पण घडतं.

गाडी किंवा ट्रॅक्टर विकताना वेगळं काय बघायचं?

इथं पैसे मिळूनही माणूस अडकतो. घेणारा म्हणतो "नाव नंतर करून घेतो, दादा, टेन्शन नका घेऊ" आणि एमएच २४ ची गाडी तुमच्याच नावावर वर्षभर फिरते. चलान तुम्हाला, अपघात झाला तर नोटीस तुम्हाला. सुप्रीम कोर्टानं २०१८ च्या निकालात स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव तोच मालक धरायचा, गाडी आधीच विकली होती हे सांगून सुटका नाही. म्हणून फॉर्म २९ आणि फॉर्म ३० (गाडीचं नाव बदलायचे आरटीओचे फॉर्म) दोघांच्या सह्यांनी भरा, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणं विकणाऱ्यानं पण १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते घेणाऱ्यावर सोडू नका. उदगीरची गाडी बिदरला नाहीतर नांदेडची निजामाबादला जाणार असेल, म्हणजे राज्याबाहेर, तर एनओसी पण लागते. डिलिव्हरीच्या चिठ्ठीवर तारीख तर लिहाच, वेळ पण लिहा.

ट्रॅक्टरचे पैसे रोख घेत असाल तर एक लक्षात ठेवा, एका व्यवहारात २ लाख किंवा त्याच्या वर रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही आणि दंड घेणाऱ्याला होतो, देणाऱ्याला नाही, आणि तो जेवढी रक्कम तेवढाच असू शकतो. वरचे पैसे बँक ट्रान्सफरनं घ्या.

म्हैस, बैलजोडी, शेळ्या पण ऑनलाइन विकायलेत लोक. तिथं पण असंच?

अगदी तसंच. लाल कंधारी बैलजोडीचा व्हिडिओ टाकला की "फार्महाउसला पाहिजे" म्हणणारा फोन येतो, दात किती विचारत नाही, म्हैस असली तर गाभण-दुभती विचारत नाही, सरळ ॲडव्हान्स पाठवतो म्हणतो आणि क्यूआर टाकतो. हाळीच्या जनावरांच्या बाजारात दोन हजारांसाठी अर्धा दिवस घालवणारे लोक आपण, आणि जोडी न बघता घेणारा माणूस खरा वाटतो? घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवा, व्हिडिओ पोरानं टाकलेला असतो आणि फोन आबा उचलतात.

मोबाइल विकताना अजून काय?

आधी गुगल अकाउंट काढा (आयफोन असेल तर फाइंड माय बंद करा), मग रीसेट मारा. यूपीआय अ‍ॅपमधनं पण खातं काढा. *#०६# नं आयएमईआय (मोबाइलचा ओळख नंबर) काढून चिठ्ठीवर लिहा, घेणाऱ्याचं नाव-सही-तारीख घ्या. उद्या त्या मोबाइलवरनं काही उद्योग झाला तर ती चिठ्ठीच कामाला येते.

पैसे गेलेत. आता काय करू?

वाचत बसू नका, १९३० ला फोन लावा. लागला नाही तर परत लावा, आणि एकीकडं सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार भरा. पैसे एका खात्यातनं दुसऱ्यात, दुसऱ्यातनं तिसऱ्यात सरकत असतात, शेवटी एटीएममधनं निघतात. निघायच्या आधी तक्रार पोचली तर मधे कुठंतरी अडवता येतात, त्यामुळं पहिला तास-दोन तासच महत्त्वाचे. हाताशी ठेवा: तुमचं खातं, रक्कम, वेळ, यूटीआर नंबर, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि मोबाइल नंबर. बँकेला पण लगेच कळवा. चॅट डिलीट करू नका, लाज वाटते म्हणून लोक डिलीट करतात, पुरावाच जातो.

बँक भरून देते का?

आशा कमी. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे, ३ कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, ते लोक व्हॉट्सअ‍ॅपला फॉरवर्ड करतात. पण ते तुमच्या नकळत तिसऱ्यानं केलेल्या व्यवहाराला आहे. पिन तुम्ही स्वतः टाकला असेल तर बँक म्हणणार व्यवहार तुम्हीच केला. कुठल्या खात्यात रक्कम गोठली असेल तर ती कोर्टाच्या आदेशानं परत मिळू शकते, तेवढा रस्ता आहे.

ठाण्यात म्हणतात ही आमची हद्द नाही

१ जुलै २०२४ पासून नवा कायदा (वर सांगितलेली नागरिक सुरक्षा संहिता) लागू आहे, त्यातल्या कलम १७३ प्रमाणं हद्द कुठलीही असो तक्रार नोंदवून घ्यावी लागते, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन पण माहिती देता येते, फक्त ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, दुसऱ्याचं सोंग घेतलं म्हणून ३१९ आणि आयटी कायद्याचं ६६ डी. कलमं तोंडावर फेकू नका, अर्जात शांतपणे लिहा, काम लवकर होतं. १९३० ची पोचपावती सोबत जोडा.

पैसे गेले नाहीत, वेळेत ओळखलं. त्याला शिव्या घालू का, थोडी मजा घेऊ का?

घालून काही होत नाही, त्याला दिवसभर हेच ऐकायची सवय असते, आणि तुमचा नंबर त्याच्याकडं आहे, चिडला तर तोच नंबर चार साइटवर टाकून देतो आणि मग रात्री दोनला फोन येत बसतात. नंबर ब्लॉक करा, जिथं जाहिरात टाकली तिथं त्या खात्याला रिपोर्ट मारा आणि दूरसंचार खात्याच्या संचार साथी साइटवर चक्षू म्हणून सोय आहे तिथं तो नंबर टाका, ती फसवणुकीचा प्रयत्न झाला पण पैसे गेले नाहीत अशांसाठीच आहे. पाच मिनिटं लागतात.